तीस अंशांचा उंचवटा

स्टुलावर उभी राहून मी नळीच्या टोकाचा कॉक उघडला, तोंड बाजूला केलं आणि मनातल्या मनात एकशेवीस मोजले. आधी फसफस, मग कुणीतरी थुंकल्यासारखं थोडं पाणी आणि मग कोरडी, एकसुरी शिट्टी. भिंतीवरच्या पिवळ्या पडलेल्या कागदावर हेच लिहिलं होतं : 'प्रत्येक रीडिंगपूर्वी दोन मिनिटे हवा सोडावी.' कॉक बंद केला. उतरले. काचेच्या केबिनमध्ये जाऊन मीटरवरचे बारा आकडे रजिस्टरात उतरवले आणि कॅल्क्युलेटरवर उत्तर काढलं.

उत्तर चुकलं होतं.

आडव्या नळीचं उत्तर मला पाठ होतं. चार वर्षांत मी ते एकोणीस वेळा काढलं होतं आणि एकोणीसही वेळा ते पाच हजारांच्या अलीकडे-पलीकडे आलं होतं. आज आलं सात हजार दोनशे. मी पुन्हा स्टुलावर चढले, पुन्हा हवा सोडली, पुन्हा आकडे घेतले. सात हजार एकशे ऐंशी. तिसऱ्यांदा सात हजार दोनशे दहा. चूक असावी तर ती अशी एका जागी पाय रोवून उभी राहत नाही.

बाहेर वर्कशॉपचा बारा वाजताचा भोंगा झाला. मला भूक लागली नव्हती. खरं म्हणजे त्या दिवसांत मला काहीच लागत नव्हतं. पहिल्या वर्षी वाफेचा चटका बसला की डोळ्यांत पाणी यायचं. चौथ्या वर्षी चटका बसलाय हे फोड आल्यावर कळायचं.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालच्या मार्चमधली. कृष्णाकाठच्या आमच्या इंजिनियरिंग कॉलेजात मी पीएच.डी. करत होते. विषय सांगितला की लोक मान डोलवायचे आणि दुसरं काहीतरी विचारायचे, म्हणून थोडक्यात सांगते. आठ फुटी तांब्याची नळी. आतून वाफ जाते, बाहेरून थंड पाणी. वाफ आत थंड होते, तिचं पाणी होतं, आणि होताना ती आपली उष्णता भिंतीला देऊन टाकते. किती देते, हे मोजायचं. नळी आडवी असेल तर झालेलं पाणी तळाशी लोळत पडतं आणि तेवढी भिंत अडवून ठेवतं. नळी तिरकी केली की पाणी वाहून जातं, भिंत मोकळी होते, वाफ जास्त उष्णता देते. पण अगदी उभी केली तर पाण्याचा पापुद्रा चहूबाजूंनी उतरायला लागतो आणि पुन्हा आडकाठी करतो. म्हणजे मध्ये कुठेतरी एक सोन्याचा कोन असणार. तो शोधायचा.

आमचे सर, डॉ. नीळकंठ घारपुरे, यांनी तो कागदावर आधीच शोधला होता. तीस अंश. दिल्लीच्या परिषदेत त्यांनी तो छातीठोकपणे सांगितलाही होता. माझं काम एवढंच की नळीनेही तसंच म्हणावं. आणि नळी काय आज्ञाधारक! आडवी असताना पाच हजार, पंधरा अंशांना सहा हजार नऊशे, तीसला सात हजार सहाशे, पंचेचाळीसला सहा हजार, साठला पुन्हा पाच हजारांच्या आत. आलेख काढला की बरोबर तीसवर डोंगर उभा. लोक आपल्या नातवाचा फोटो दाखवतात तसा सर तो आलेख दाखवायचे. विद्यार्थी सरांना पाठीमागे 'तीस अंश' म्हणत, हे सरांना माहीत होतं आणि त्यांची हरकत नव्हती.

सर एकतीस मार्चला निवृत्त होणार होते. माझी दोनदा वाढवून घेतलेली मुदतही एकतीस मार्चलाच संपत होती. त्या तारखेच्या आत सरांच्या सहीने प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, चार वर्षं पाण्यात. आमच्या कॉलेजात दुसरा मार्गदर्शक नव्हता, आणि डॉक्टरेटशिवाय मला तिथे कायम नोकरी नव्हती. प्रबंध टाइप होऊन तयार होता. "शेवटच्या प्रकरणासाठी तीन रीडिंग पुन्हा घेऊन टाका," सर म्हणाले होते. "शून्य, तीस, साठ. पुन्हा तेच येतं एवढं दाखवायचं. औपचारिकता."

आणि नेमके तेव्हा मुजावरमामा पुतण्याच्या लग्नाला तीन दिवस मिरजेला गेले.

दस्तगीर मुजावर आमच्या प्रयोगशाळेचे सहायक. वीस वर्षं तिथेच. उंचीने पाच फूट, त्यातले दोन इंच टोपीचे. बोलणं मोजकं, पण प्रत्येक वाक्याला धार. एकदा एका नव्या लेक्चररने बॉयलरच्या दाबाच्या घड्याळाकडे बघून "प्रेशर जास्त वाटतंय" म्हटलं, तर मामा म्हणाले, "घड्याळ उलटं वाचताय सायब, पन अंदाज बरा हाय." सगळे मामा लोक दुपारी वर्कशॉपमध्ये खाली पेपर अंथरून गोलात जेवायचे. मुजावरमामा बाकाला टेकून उभ्यानेच खायचे. कुणी टोकलं की म्हणायचे, "मी काय जेवायला बसलो न्हाई, पोटात टाकतोय."

आमच्या कामाची वाटणी ठरलेली होती आणि ती कुणी ठरवली हे कुणालाच माहीत नव्हतं. नळी, कॉक, बॉयलर, पाणी मामांचं. रजिस्टर, मीटर, पेन माझं. मी केबिनच्या आत, मामा बाहेर. ते नळीचा कोन लावायचे, वाफ सोडायचे, तासभर सगळं स्थिर होऊ द्यायचे, आणि मग काचेवर टकटक करून म्हणायचे, "घ्या, ताई!" मी घ्यायची. चार वर्षांत मामांनी पेनाला हात लावला नाही आणि मी कॉकला. मी कॉक उघडायला गेले असते तर मामांना अपमान वाटला असता, आणि त्यांनी रजिस्टर उघडलं असतं तर मला. अशी ही इज्जतीची वाटणी. ब्लोअरच्या घरघरीत केबिनमध्ये बाहेरचं काही ऐकू यायचं नाही, आणि वाफ धरलेल्या काचेतून धड दिसायचंही नाही.

तर त्या तीन दिवसांत मी शून्य, तीस आणि साठ अंशांना रीडिंग घेतली, कागदात लिहिल्याप्रमाणे, दर वेळी हवा सोडून. सात हजार दोनशे. सात हजार सहाशे. सात हजार. डोंगर कसला, पाटावर टाकलेली पोळी. मध्ये जराशी फुगलेली, एवढंच.

चौथ्या दिवशी मामा आले. हातात लग्नातल्या बुंदीची पुडी.

"लग्न कसं झालं, मामा?"

"नवरा रडला. तवाच वळखलं, संसार नीट करंल. भ्यालेला मानूस बरा. रीडिंग झाली?"

"झाली. पण आडवीचं पुन्हा घेऊ एकदा."

"घेऊ की. तुमास्नी वाफेचा नाद हाय."

त्यांनी नळी आडवी केली, वाफ सोडली, आणि तासाभराने काच वाजली. "घ्या, ताई!" मी घेतलं. पाच हजार चाळीस.

माझ्या हातात मामा होते तेव्हाचे आणि मामा नव्हते तेव्हाचे, असे दोन कागद होते. मी दोन्ही कागदांकडे बराच वेळ बघत बसले. मग मामांना म्हटलं, साठला लावा. आणि ते नळी खाली घेत असताना केबिनमधून बाहेर येऊन त्यांच्या मागे उभी राहिले. चार वर्षांत पहिल्यांदा.

नळीचं वाफेकडचं टोक उंचावर भिंतीपाशी बिजागरीला अडकवलेलं होतं, साडेसात फुटांवर. कोन वाढवला की दुसरं टोक खाली उतरायचं, आणि हवा सोडायचा कॉक त्या दुसऱ्या टोकाला. वाफेबरोबर जी थोडी हवा येते ती वाफेसारखी पाणी होऊन जात नाही. ती त्या टोकाला साचत राहते आणि भिंतीवर गोधडी पांघरल्यासारखी बसते. म्हणून ती सोडायची. आता साठ अंशांवर तो कॉक जमिनीपासून जेमतेम अर्ध्या फुटावर होता.

मामांनी कॉककडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"तुमी आत जावा की ताई. गरम हाय हितं."

"असू दे."

ते थोडा वेळ नळीवरचं फडकं इकडून तिकडे करत राहिले. मग एक हात भिंतीला लावून त्यांनी डावा पाय लांब पुढे टाकला, उजवा दुमडायचा प्रयत्न केला, आणि अर्ध्यात थांबले. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. फक्त टोपीच्या कडेशी घाम आला. पुन्हा सरळ झाले.

"मामा, गुडघा?"

"आट वर्सं झाली. जिन्यावरनं पडलो हुतो." ते फडक्याची घडी घालायला लागले. "वाकत न्हाई. दुमडत न्हाई. चालाय येतं. चालाय येतंय तवर कुनाला काय सांगायचं?"

"आणि स्टुलावर?"

"चडाय येत न्हाई. चडलो तर उतराय येत न्हाई."

"मग हवा?"

"सोडतो की! रोज सोडतो. तीसला आली की बरुबर कमरेपाशी येतो कॉक. तवा मनसोक्त सोडतो. पंधराला हात वर केला की पोचतो. पंचेचाळीसला जमलं तर जमतं, पाठीतनं वाकून." त्यांनी फडकं नळीवर ठेवलं. "एकदा सोडली की दिवसभर पुरती, आसं वाटलं मला. पुरत न्हाई व्हय?"

"नाही पुरत."

मी केबिनमध्ये परत आले. तीसवर कंबर. पंधरावर वर केलेला हात. पंचेचाळीसला पाठीतून कसाबसा वाकलेला माणूस. शून्याला आणि साठला त्याचा हात पोचतच नाही. मी चार वर्षं जो आलेख काढत होते तो वाफेचा नव्हता, पाण्याचा नव्हता. पाच फूट उंचीच्या आणि एक गुडघा गेलेल्या माणसाच्या हाताची पोच होती ती. इतकी गुळगुळीत की परिषदेतल्या कुणालाही शंका आली नाही.

मला हसू यायला हवं होतं, किंवा रडू. आलं काहीच नाही. मी पेनात शाई भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या खोलीत गेले. टेबलावर निरोपसमारंभाची निमंत्रणं पडली होती. वर्कशॉपवाल्यांनी सरांना द्यायला एक पितळी नळी घडवली होती, लाकडी पाटावर बरोबर तीस अंशांत बसवलेली. ती गुपित होती, म्हणजे सरांसकट सगळ्यांना माहीत होती. मी माझा कागद सरांपुढे ठेवला.

सरांनी चष्मा बदलला. कागद वाचला, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"हे केव्हाचं?"

"चौदा ते सोळा. मामा रजेवर होते तेव्हाचं."

"वाफ कुणी लावली?"

"मी."

"पाणी? कॉक?"

"मीच, सर."

सरांचा चेहरा सैल झाला. बुडणाऱ्या माणसाला फळी सापडावी तसा. "मिस कानडे, तुम्ही आयुष्यात किती दिवस कॉक उघडलाय?"

"तीन दिवस."

"आणि तो गृहस्थ वीस वर्षं उघडतोय. आता या दोघांत मी कुणावर विश्वास ठेवावा, तुम्हीच सांगा."

"सर, कागदावर लिहिल्याप्रमाणे मी दर वेळी…"

"बोलावू या त्यांना." सरांनी घंटी वाजवली. "शंका नको मनात."

मामा आले. दारात टोपी सारखी केली, टेबलापासून दोन हात लांब उभे राहिले. सर माणसाला आदराने बोलवायचे आणि बसायला कधी सांगायचे नाहीत. त्या दिवशी त्यात मामांचा फायदाच होता.

"मुजावर, रीडिंगच्या आधी हवा सोडता ना तुम्ही?"

"सोडतो की सायब."

"रोज?"

"रोज. एक दिस चुकीवला न्हाई."

"झालं." सर माझ्याकडे वळले. "तुम्हाला काही विचारायचंय, मिस कानडे?"

प्रश्न एकच होता, आणि दोन शब्दांचा होता : प्रत्येक कोनाला? मामांनी खोटं उत्तर दिलं नसतं. सरांनीही मग डोळेझाक केली नसती. डोक्याने ते कोते होते, पण आकड्यांशी लबाडी त्यांनी केली नसती. निवृत्ती पुढे ढकलता आली नसती, प्रबंध थांबला असता. मामा माझ्याकडे बघत होते. ना विनवणी, ना भीती. आता काय होईल ते बघू, असं बघत होते.

"नाही, सर," मी म्हणाले.

"मग हा कागद फाडून टाका. नवशिक्याच्या हातून होतं असं. तीसचं तेवढं घ्या त्यातलं, ते छान जुळतंय. बाकीची दोन मुजावरांकडून पुन्हा घेऊन टाका."

मी कागद फाडला नाही. घडी घालून पर्समध्ये ठेवला. तसा तो अजून आहे. लोक पापं तिजोरीत ठेवतात, मी प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलं, एवढाच फरक.

बाकीची दोन रीडिंग मामांनी लावली आणि मी घेतली. पाच हजार दहा. चार हजार नऊशे तीस. तेच पुन्हा येतं, हे सिद्ध झालं.

अठ्ठावीस तारखेला मी बाइंडिंगवाल्याकडे निघाले होते. चार प्रतींचे कागद कापडात बांधलेले, सायकलच्या कॅरिअरला. कॉलेजच्या फाटकाबाहेर मामा उभे होते. सुट्टी होऊन तास झाला असावा.

"ताई, जरा बोलायचं हुतं."

"बोला ना."

"आट-धा रात झोप न्हाई. मी काय शिकलेला न्हाई, पन इतकं कळतंय. माझ्यापायी तुमचं समदं पुस्तक खोटं झालं." ते फाटकाच्या गजाला धरून उभे होते. "मी आत्ता जातो सायबांच्या घरी. सांगतो, मुजावरला बसाय येत न्हाई, चडाय येत न्हाई, हवा सोडली न्हाई. दोष माझा. मग सायबच वर लिवतील, पोरीला म्हैना-दोन म्हैने द्या म्हनून. लिवतील का न्हाई?"

लिहिलं असतं. दस्तुरखुद्द सरांनी स्वतःची चूक कबूल करून विद्यापीठाला पत्र लिहिलं असतं तर दोन-तीन महिने मिळाले असते बहुतेक. बहुतेक. नक्की नाही.

"मी सोताला दोरीनं बांधून घेतो खांबाला," मामा म्हणाले. "पाय मोडला तर मोडला. बसतो खाली. समदी रीडिंग परत घिऊ. चार वर्सांचं काम दोन म्हैन्यांत व्हतंय, नळीला काय, ती कदी बी तयार."

कॅरिअरची दोरी ढिली झाली होती. मी ती आवळली. मग म्हणाले,

"नको मामा. तुमची नोकरी जाईल."

त्यांनी गजावरचा हात काढला.

"गुडघा गेलेला माणूस बॉयलरवर ठेवत नाहीत," मी पुढे म्हणाले. "मेडिकल करतील. अनफिट ठरवतील. तुमची दोन वर्षं राहिलीत. धाकटीचं लग्न व्हायचंय. सरांना कळलं तर त्यांना ऑफिसला कळवावंच लागेल."

"आन तुमचं पुस्तक?"

"ते जाऊ दे आत्ता. डिग्री मिळाली की मी सवडीने सगळी रीडिंग परत घेते. खरं काय ते छापते. तुमचं नाव न घेता. शब्द देते."

मामांनी टोपी काढली. मी त्यांना टोपीशिवाय तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. डोकं साफ पांढरं होतं.

"माझ्यासाटी तुमी एवढी जोखीम घेताय," ते म्हणाले.

मी सायकलवर बसले आणि बाइंडिंगवाल्याकडे गेले. त्याने विचारलं, सोनेरी अक्षरं टाकू का चंदेरी? मी सोनेरी म्हणाले.

आता एवढ्या वर्षांनी एक गोष्ट लिहून टाकते. मामांची नोकरी जाणार नव्हती. त्याच वर्षी हायड्रॉलिक्सच्या प्रयोगशाळेतल्या एका सहायकाला पाठीच्या दुखण्यामुळे स्टोअरला बदली मिळाली होती. बसून काम, पगार तोच. त्याचा अर्ज मीच इंग्रजीत लिहून दिला होता. फाटकापाशी उभी असताना तो अर्ज मला शब्दन् शब्द आठवत होता.

मला डिग्री मिळाली. नोकरी कायम झाली. सरांना पितळी नळी मिळाली आणि सहा वर्षांनी त्यांच्या भिंतीवर त्यांच्या हार घातलेल्या फोटोखाली तीच लावली गेली. तीस अंशांचा संदर्भ तीनचार जणांनी आपल्या प्रबंधात दिला. एका कारखान्याने त्या कोनात नळ्या बसवल्याही. चांगल्या चालल्या. वाईट चालण्याचं काही कारणच नव्हतं. कोणताही कोन तेवढाच बरा होता, फक्त हवा सोडायला हवी होती, आणि कारखान्यातली माणसं ती सोडतात. त्यामुळे माझ्या खोटेपणाने कुणाचं काही बिघडलं नाही. हीच गोष्ट मला फार वर्षं पुरली.

मामा दोन वर्षांनी उभ्या उभ्या निवृत्त झाले. पुढे दर ईदला डबा यायचा. मी विभागप्रमुख झाले तेव्हा ते स्वतः पेढे घेऊन आले होते. माझ्या खोलीत पोचेपर्यंत त्यांना अर्धा तास लागला, असं शिपाई म्हणाला.

सतरा वर्षांपूर्वीच्या जुलैत ते शेवटचे आले. मी त्या दिवशी घरीच होते, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. बरोबर नात होती. तरन्नुम. बारावी झालेली, उंच, काठीसारखी सरळ. मी मामांसाठी खुर्ची पुढे केली आणि पायांखाली घ्यायला पाट दिला. त्यांना आता काठी लागत होती, पण जिभेची धार शाबूत होती.

"हिला मेक्यानिकल घ्यायचंय," ते म्हणाले. "समदी म्हनत्यात पोरीनं काम्प्युटर घ्यावं. मी म्हटलं, आमच्या ताईला विचारू. ताईनं मेक्यानिकल घेतलं तवा वर्गात दुसरी पोरगी न्हवती."

"मार्क किती?"

मुलीने सांगितले. चांगले होते.

"घे," मी म्हणाले. "काही हरकत नाही."

मी चहा आणला. मामा बशीत ओतून पीत होते. मध्येच थांबले आणि नातीकडे वळून म्हणाले, "ह्या ताईंनी माझी नोकरी वाचीवली, ठावं हाय का तुला? सोताचं पुस्तक पनाला लावलं. त्यात चुकीची रीडिंग हुती माझ्यामुळं. ती तशीच दिली, मानूस मोडाय नको म्हनून. नंतर सवडीनं खरी छापली."

त्यांनी मग तिला सगळं सांगितलं. नळी, कॉक, गुडघा, फाटक. चांगलं सांगितलं. त्यांच्या सांगण्यातली मी कुणीतरी भलतीच होते, बरी होते. मुलगी लक्ष देऊन ऐकत होती. मध्ये तिने विचारलं, कॉक कुठल्या टोकाला? मामांनी हाताने दाखवलं. तिला कळलं.

"मग मॅडम, नंतर घेतलेल्यात किती आलं?" तिने मला विचारलं. "आडव्या नळीला?"

नुसती उत्सुकता होती. तिला आकडा हवा होता. मला सांगता आला असता. तीन दिवसांचे ते आकडे मला पाठ होते. सात हजार दोनशे म्हटलं असतं तर तिघांचाही चहा गोड झाला असता.

"नाही घेतली," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"परत घेतलीच नाहीत."

"कधीच?"

"कधीच."

पंखा फिरत होता. मामांनी बशी टीपॉयवर ठेवली. जरा हिंदकळली, चहा सांडला. ते माझ्याकडे बघत राहिले. वीस वर्षं माझ्याकडून आलेला प्रत्येक नमस्कार, त्यांनी पाठवलेला प्रत्येक डबा ते एकेक करून पुन्हा हातात घेऊन बघतायत, असं मला वाटलं. मग त्यांची नजर नातीकडे गेली, तिथे थांबली, आणि परत माझ्याकडे आली तेव्हा ती साधी झालेली होती.

"ऱ्हाऊन गेलं असंल," ते म्हणाले. नातीला सांगत होते, मला नाही. "ताईंच्या मागं कामं का थोडी हुती? विभाग, पोरं, परीक्षा. हुतं मानसाकडनं."

मुलीने रुमालाने टीपॉय पुसला.

"व्हय ना, ताई?" मामा म्हणाले.

"हो," मी म्हणाले. "राहून गेलं."